चिंटू बोलणार कसा?

२०१२ सालच्या एप्रिलमधील एक दुपार आम्हांला अजून लख्ख आठवते. परीक्षा तोंडावर आली होती, भूमच्या उन्हात तासाला जेमतेम आठ-नऊ विद्यार्थी उरले होते, आणि आम्ही वाचककेंद्री समीक्षेचे प्रकरण कसेबसे हातावेगळे करीत होतो. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे रेंगाळला. बी.ए.च्या पहिल्या वर्षाचा, एरवी वर्गात तोंडातून अक्षर न काढणारा. त्याने पिशवीतून एक जाडजूड वही काढली आणि टेबलावर ठेवली. गव्हाच्या पिठाची खळ लावून चिकटवलेली वर्तमानपत्री कात्रणे. त्यापायी वहीची पाने पापडासारखी ताठ झालेली. प्रत्येक कात्रणात तोच पोरगा, चिंटू. काही कात्रणांवर भज्यांच्या तेलाचे डाग होते. त्याने विचारले, "सर, पुढच्या महिन्यात चिंटूचा पिक्चर येतोय. चिंटू बोलणार कसा?"

आम्ही हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते. 'कसा म्हणजे? तोंडाने बोलेल,' असे काहीतरी मास्तरी उत्तर देऊन आम्ही वही चाळू लागलो, आणि चाळता चाळता लक्षात आले की वहीत ठरावीक अंतराने कोरी पाने आहेत. दिवाळीनंतरची चार-पाच महिन्यांची पाने कोरी, मग पुन्हा कात्रणे, पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा कोरी. कारण विचारावे लागले नाही. भूम-परंडा-वाशी या पट्ट्यात शिकवणाऱ्याला ते ठाऊक असते. आईवडील ऊसतोडीला जात, त्यांच्याबरोबर हाही जाई; मुकादमाची उचल घेतलेली असे, शाळेचा दाखला मात्र इथेच राही. फडावर वर्तमानपत्र येत नसे. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याला तो सांगून जाई की चिंटूचे तेवढे पान बाजूला ठेवा. एखाद्या वर्षी हॉटेलवाल्याच्या लक्षात राही, एखाद्या वर्षी ती पाने भज्यांखाली जात. तरीही त्याने कोरी पाने सोडली होती. न मिळालेल्या चिंटूसाठी जागा राखून ठेवावी तशी.

आम्ही नुकतेच वोल्फगांग इझर आणि त्याच्या 'रिकाम्या जागा' शिकवून मोकळे झालो होतो. असो.

ज्या वाचकांना तो काळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू २१ नोव्हेंबर १९९१ रोजी दैनिक 'सकाळ'मध्ये पहिल्यांदा आला. तीन-चार चौकटींची पट्टी, मध्यमवर्गीय घर, आई, पप्पा, आजोबा; मित्रमंडळींत पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, नेहा, छोटा सोनू; शेजारी जोशीकाकू. राक्षस नाही, जादू नाही, राज्य वाचवायचे नाही. अभ्यास टाळायचा, चेंडू काचेवर बसला तर पळायचे, आईच्या एखाद्या वाक्यातली फट शोधून तिलाच पेचात पकडायचे, एवढाच संसार. वर्तमानपत्राचे पहिले पान वाचून झाल्यावर (कित्येकांच्या बाबतीत वाचण्यापूर्वी) नजर तिकडे वळायची. पुढे या पट्ट्यांची छोटी पुस्तके निघाली आणि वाढदिवसाच्या भेटींत ती हमखास दिसू लागली. मग १८ मे २०१२ रोजी श्रीरंग गोडबोले यांनी दिग्दर्शित केलेला 'चिंटू' चित्रपटगृहांत आला. चिंटूच्या भूमिकेत शुभंकर अत्रे, आईवडील विभावरी देशपांडे आणि सुबोध भावे. पुढच्याच वर्षी 'चिंटू २ : खजिन्याची चित्तरकथा' हा दुसरा भागही आला.

पहिल्या पट्टीपासून पहिल्या चित्रपटापर्यंत वीस वर्षे गेली होती. चिंटू तेवढ्याच वयाचा राहिला आणि त्याचे पहिले वाचक मात्र आईबाप झाले. चित्रपटाची वाट पाहणाऱ्यांत म्हणूनच दोन पिढ्या होत्या. एक, जिला आपले बालपण पडद्यावर सही-शिक्क्यानिशी प्रमाणित करून हवे होते; दुसरी, जिला सुट्टीत एक बरा चित्रपट हवा होता. पहिल्या पिढीची उत्सुकता अधिक गोंगाटी होती. 'आमचा चिंटू असा दिसत नाही', 'मिनी जरा जास्तच गोड वाटते', 'सतीशदादा कोण करणार?' अशा चर्चा जिथे चार शिकलेली मराठी माणसे भेटतील तिथे घडत. दिसण्याबद्दल सगळे बोलत होते. आमच्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला तो आवाजाबद्दल, आणि तो तेवढ्याच नेमकेपणाने दुसऱ्या कुणी विचारल्याचे आम्हांला आठवत नाही.

त्या प्रश्नात काय होते हे उमगायला आम्हांला काही वर्षे लागली. छापील चिंटू बोलतो, पण त्याला आवाज नसतो. फुग्यातली अक्षरे वाचक आपल्या मनातल्या आवाजात वाचतो. चिंटूची भाषा शहरी, घरंदाज, बहुतांशी प्रमाण मराठी. हे आम्ही दोष म्हणून सांगत नाही, ज्या घरात तो राहतो त्या घरात तसेच बोलतात. परंतु भूममधला पोरगा ती वाक्ये वाचताना आपसूक आपल्या हेलात वाचत असे. 'नाही'चे 'न्हाई' डोळ्यांना दिसत नसले तरी कानाला ऐकू येई. चिंटूची आई त्याच्या आईसारखी ओरडे. सोसायटीच्या जिन्याच्या जागी त्याच्या डोळ्यांसमोर काय येत असेल कोण जाणे, बहुधा शाळेचा ओटा. दहा वर्षे तो चिंटू त्याच्या गळ्यातून बोलला होता. आता मे महिन्यात एक पुण्याचा मुलगा येणार, तोंड उघडणार, आणि चिंटूला कायमचा एक आवाज मिळणार. म्हणजेच याचा आवाज जाणार.

उत्सुकता आणि धास्ती एकाच वेळी असते ती अशी. चाहत्यांच्या उतावीळपणाची थट्टा करणे सोपे आहे. वाङ्मयाच्या अध्यापकांना तर ती थट्टा अंगवळणी पडलेली असते. कार्टूनच्या पात्रासाठी मोठ्या माणसांनी एवढे हळवे व्हावे, हे आम्हांलाही पूर्वी पोरकट वाटे. 'रणांगण' किंवा 'कोसला'वर चित्रपट निघाला तर आम्ही जे प्रश्न विचारू तेच प्रश्न चिंटूबद्दल विचारले की पोरकट ठरतात, हा न्याय मात्र आम्हांला पटेनासा झाला आहे.

हान्स रॉबर्ट याउसने १९६७ साली कोन्स्टान्झ येथील व्याख्यानातून मांडलेली 'अपेक्षांचे क्षितिज' ही कल्पना आपल्याकडे पदव्युत्तर वर्गात पाठ करवली जाते. वाचक कोऱ्या मनाने कलाकृतीकडे येत नाही. आधीच्या वाचनाने बांधलेली अपेक्षा घेऊन येतो आणि नवी कृती ती अपेक्षा पुरवते, मोडते किंवा पलीकडे सरकवते. सिद्धान्त म्हणून हे ठीक. पण याउसच्या क्षितिजावर वाट पाहणाऱ्या माणसाचे कष्ट दिसत नाहीत. मराठीत आपण 'वाट पाहतो', म्हणजे येणाऱ्याकडे पाहण्याआधी रस्त्याकडे पाहतो. जुन्या पात्राच्या नव्या चित्रपटाची वाट पाहणारा बराच काळ रस्ताच पाहत असतो: जाहिरातीतला एक चेहरा, अर्ध्या मिनिटाची झलक, कुणाचा तरी ऐकीव वृत्तान्त. एवढ्या तुटपुंज्या ऐवजावर तो मनात आख्खा चित्रपट काढतो. तो चित्रपट बहुधा प्रत्यक्षाहून सरस असतो, आणि एका प्रेक्षकापुरताच असतो.

हा प्रश्न एकट्या मराठीचा नाही. एर्जेच्या टिनटिनच्या साहसांवर चित्रपट निघाले तेव्हाचा एक किस्सा सांगतात. एका लहान मुलाने तक्रार केली की कॅप्टन हॅडॉकचा सिनेमातला आवाज पुस्तकातल्या आवाजासारखा नाही. मोठ्यांना हा विनोद वाटतो. आमच्या मते ते नेमके समीक्षात्मक विधान आहे. स्कॉट मॅक्लाउडने १९९३ साली चित्रकथेच्या रचनेवर लिहिलेल्या पुस्तकात दाखवले आहे की रेषा जितकी साधी, तितक्या अधिक माणसांना त्या चेहऱ्यात स्वतःला बसवता येते. तपशील वाढला की तो चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी होऊ लागतो. चेहऱ्याबाबत खरे असलेले हे तत्त्व आवाजाबाबत दुपटीने खरे आहे, कारण चेहऱ्याच्या निदान दोन-चार रेषा तरी कागदावर असतात. आवाजाचे सगळेच वाचकावर सोपवलेले असते.

याच्या उलट बाजूचा अनुभव २०१६ साली आला. डिस्नेचा 'द जंगल बुक' भारतात ८ एप्रिलला, म्हणजे अमेरिकेच्या आठवडाभर आधी प्रदर्शित झाला. त्याच्या आगमनाने तिशी-पस्तिशीतली माणसे जी विरघळली त्याचे कारण किपलिंग नव्हता आणि डिस्नेही नव्हता. कारण होते नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी, मूळची जपानी, हिंदीत आणलेली मालिका आणि गुलजारांच्या शब्दांचे तिचे शीर्षकगीत. आमच्या गल्लीत तेव्हा दूरदर्शन संच मोजके. ज्याच्या घरी संच त्याच्या ओसरीवर चपलांचा ढीग, आणि नेमक्या वेळी वीज गेली की सामूहिक आक्रोश. त्या मालिकेत शेरखानला आवाज दिला होता नाना पाटेकरांनी. तेवीसएक वर्षांनी आलेल्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतही शेरखान त्यांच्याच आवाजात बोलला. जुने गीतही नव्याने ध्वनिमुद्रित करून वाजवले गेले. पडद्यावरचा वाघ संगणकाने घडवलेला, केस न् केस वेगळा दिसणारा. जुन्या मालिकेतल्या वाघाशी त्याचे काही साम्य नव्हते. पण आवाज तोच, म्हणून वाघ तोच. इथे पात्र लहानपणी पोचले तेच मुळी आवाजासह, त्यामुळे वाट पाहिली गेली ती आवाजाची. कंपनीला हे आमच्या आधी कळले होते. स्मृतीचा हा घाऊक व्यापार आम्हांला आवडतो असे नाही. तरीही आम्ही बार्शीला जाऊन तो चित्रपट पाहिला आणि शेरखानने पहिले वाक्य उच्चारताच अंगावर काटा आला, हे लपवण्यात अर्थ नाही.

फास्टर फेणेची गोष्ट या दोहोंच्या मधली. तो व्यंगचित्रांतून जन्मलेला नव्हे, भा. रा. भागवतांच्या गद्यातून जन्मलेला. पण ज्या पिढ्यांनी तो वाचला त्यांच्या मनात मुखपृष्ठावरची हडकुळी, सायकलवरची आकृती इतकी ठसली आहे की त्याला चित्रपात्रांच्या पंगतीत बसवायला हरकत नसावी. शिवाय त्याच्यापाशी एक आवाज आहे: 'ट्टॉक्'. हा उच्चार कसा करायचा हे पुस्तक शिकवत नाही. जोडाक्षर तेवढे देते, बाकी तुमची जीभ आणि तुमची टाळू. महाराष्ट्रातल्या किती लेकरांनी आपापला 'ट्टॉक्' शोधला असेल! दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवनने तो उभा केला होता. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट आला आणि अमेय वाघचा तरणाबांड फेणे पाहून जुन्या वाचकांनी नाके मुरडली. शाळकरी बनेश कुठे गेला, विद्याभवन कुठे गेले, फुरसुंगीचा तो पोर कुठे गेला, असे प्रश्न.

आमचे मत इथे थोडे वेगळे आहे. पुस्तकातला बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्यात शिकायला आलेला, म्हणजे खेड्यातून शहरात आलेला आहे. चित्रपटातला बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि परीक्षेच्या गैरव्यवहारात बळी गेलेल्या एका मुलाचा माग काढतो. पुण्यातल्या जुन्या वाचकाला यात आपला बालनायक हरवल्यासारखे वाटले असेल. आमच्या वर्गात मात्र चित्र उलटे होते. ज्यांच्या घरी म्हैस विकून लातूरच्या शिकवणीचे शुल्क भरले जाते त्यांना ही कथा साहसकथा वाटलीच नाही. २०२४ साली नीटच्या गैरप्रकारांचे धागे लातूरपर्यंत पोचल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा एका विद्यार्थिनीने आम्हांला सरळ विचारले, "आता फेणे कुठंय?" पात्राचे पुनरागमन यापेक्षा अधिक काय व्हायचे? जुन्या चाहत्याची अपेक्षा साम्याची असते. ती मोडली तरी पात्र दुसऱ्या कुणाच्या तरी गरजेला येऊ शकते. त्या चित्रपटाने आणखी एक नेटकी गोष्ट केली. खुद्द भागवतांनाच पात्र करून दिलीप प्रभावळकरांकरवी कथेत आणले. बदल केले, पण कर्त्याला घरात बसवून, त्याच्या डोळ्यांदेखत केले. ही नम्रता आम्हांला महत्त्वाची वाटते. खलनायक गिरीश कुलकर्णींचा, आणि तो भलताच भाव खाऊन जातो, हे ओघाने आलेच.

साम्याच्या या आग्रहाकडे आपल्याच परंपरेतून पाहिले तर गंमत दिसते. भारूड घ्या. एकनाथांच्या भारुडात वासुदेव येतो, जोशी येतो, गोंधळी येतो. सोंग घेऊन आलेला माणूस गावातलाच असतो. कालपर्यंत त्याने आपली चप्पल शिवलेली असते किंवा आपल्याकडून बी-बियाण्याचे पैसे उसने नेलेले असतात. त्याचे तोंड जोश्यासारखे दिसते का, असा प्रश्न कुणाच्या मनात येत नाही. सगळ्यांना सगळे ठाऊक असते: पात्र ठाऊक, कथा ठाऊक, शेवटी येणारा अध्यात्माचा उलगडाही ठाऊक. तरी माणसे रात्र रात्र बसतात. उत्सुकता असते ती यंदा हा कसा करतो याची. सोंग या शब्दातच दुरावा मान्य केलेला आहे: हा तो नाही, पण आज रात्रीपुरता तोच. पुढच्या वर्षी दुसरा करील, तेव्हा तो. एका सोंगाने पात्र संपत नाही.

सिनेमाने ही सोय काढून घेतली. पडदा म्हणतो, हाच तो. एकदा सुमीत, एकदा अमेय असे वीस-तीस वर्षांच्या अंतराने फिरत राहिले तर सोंगाची थोडी तरी हवा उरते. पण एखाद्या पात्राला एकच चित्रपट लाभला, तर तो चेहरा आणि तो आवाज पात्राला चिकटून बसतो, आणि पुस्तक पुन्हा उघडले तरी सुटत नाही. चित्रपट वाईट निघेल ही भीती त्यामानाने किरकोळ आहे. चांगला निघाला तरच खरी अडचण होते.

अलीकडे चाहत्यांच्या हाती एक नवेच हत्यार आले आहे, तेही नोंदवले पाहिजे. २०१९ च्या एप्रिलमध्ये 'सोनिक' या व्हिडिओ-खेळातील निळ्या हेजहॉगच्या चित्रपटाची झलक आली. त्याचे माणसासारखे दात पाहून चाहत्यांनी एवढा गहजब केला की निर्मात्यांनी पात्र नव्याने घडवले आणि प्रदर्शन पुढे ढकलून फेब्रुवारी २०२० मध्ये केले. वाट पाहणाऱ्यांनी वाटेतच चित्रपट बदलला. लोकशाहीचा विजय म्हणून याचे कौतुक झाले. आम्ही त्या कौतुकात पूर्णपणे सामील होऊ शकत नाही. अशा मतदानात आवाज कुणाचा पोचतो? झलक प्रसिद्ध झाल्या तासाला इंग्रजीत प्रतिक्रिया लिहू शकणाऱ्याचा. चिंटूची रूपरेषा उद्या चाहत्यांना विचारून ठरली, तर पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मराठी वाचकाची आठवण तिच्यात उतरेल. भजी गुंडाळलेल्या कागदावरून चिंटू वाचलेल्या वाचकाला कुणी विचारणार नाही. त्यालाही विचारावे असे वाटले पाहिजे, हे वेगळे. तो गप्प बसणाऱ्यांतला.

आणि चाहत्यांच्या सत्तेलाही मर्यादा आहे, हे 'कायोटी व्हर्सेस ॲक्मी'च्या प्रकरणाने दिसले. वाइल ई. कायोटी १९४९ सालापासून रोडरनरचा पाठलाग करतो आहे आणि ॲक्मी कंपनीची सदोष यंत्रे मागवून दरीत कोसळतो आहे. इयन फ्रेझरने १९९० साली 'द न्यूयॉर्कर'मध्ये एक विनोदी लेख लिहिला. कायोटीने त्या कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला आहे, आणि लेख म्हणजे त्याच्या वकिलाचे निवेदन. त्या लेखावरून चित्रपट बेतला गेला, पूर्ण झाला. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने तो प्रदर्शित न करता करांच्या हिशेबात बुडीत दाखवण्याचा निर्णय घेतला. ओरड झाली. अखेर २०२५ साली दुसऱ्या एका कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि २८ ऑगस्ट २०२६ ही प्रदर्शनाची तारीख जाहीर झाली. तयार असलेला चित्रपट कपाटात आणि प्रेक्षक दाराशी, ही वाट पाहण्याची एक नवीच तऱ्हा म्हणायची.

कायोटीबद्दल इथे लिहिण्याचे दुसरेही कारण आहे. रोडरनरच्या मागे धावताना तो बोलत नाही. बोलायचेच झाले तर एक फलक वर धरतो. टॉम आणि जेरीही जवळजवळ मुकेच. केबल आमच्या भागात आली तेव्हा शहरी मुलांना आवडणारी बोलकी कार्टूने इथल्या पोरांना परकी वाटत. इंग्रजी कळत नसे आणि हिंदीही पुस्तकीच. ही मुकी पात्रे मात्र एका दिवसात घरची झाली. दरीत कोसळण्याआधी क्षणभर हवेत थांबून प्रेक्षकांकडे पाहणाऱ्या कायोटीचा चेहरा कळायला भाषांतर लागत नाही. उधारीवर आणलेले बियाणे उगवले नाही, की असाच चेहरा होतो आणि तोही कंपनीवर दावा लावत नाही.

म्हणून जुन्या पात्राच्या नव्या चित्रपटाची चाहूल लागली की आम्ही आता पहिला प्रश्न दिसण्याचा विचारत नाही. हे पात्र वाचकाकडे कसे पोचले होते? मुके पोचले असेल तर त्याला आवाज देणारा त्याला कुणाच्या तरी तोंडून काढून घेतो आहे. हे करू नये, असे आमचे म्हणणे नाही. कला असे उचलून नेतच आली आहे. परंतु एकदा नेल्यावर 'हाच अखेरचा चिंटू' असे कुणी म्हणू नये. एक चिंटू कोल्हापुरीत बोलावा, एक अहिराणीत, एक मालवणीत. संहिता एक, सोंगे अनेक. चित्रपटनिर्मितीचा खर्च पाहता ही सूचना हास्यास्पद आहे, याची आम्हांला जाणीव आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या खर्चात मात्र ती सहज बसते. बालसाहित्याच्या अभ्यासक्रमात वर्षानुवर्षे त्याच चार कविता आणि त्याच दोन नाटिका फिरवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे कधी सुचले नाही, ही आमची चूक.

आमचा तो विद्यार्थी २०१२ च्या मे महिन्यात चित्रपट पाहू शकला नाही. बार्शीला जाण्यायेण्याचे भाडे आणि तिकीट यांचा हिशेब त्याने केला असावा. तसे तो बोलला नाही. पुढे केव्हातरी दूरदर्शन संचावर, जाहिरातींच्या मधून मधून, त्याने तो पाहिला. आम्ही मुद्दाम विचारले, "कसा बोलला?" तो म्हणाला, "चांगला बोलला, सर. पण तो त्यांचा चिंटू आहे." त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. दुसऱ्याच्या घरचा मुलगा परीक्षेत पहिला आल्याचे सांगावे तसे त्याने सांगितले. वहीचे काय केलेस, असे त्या वेळी विचारायचे राहून गेले.

ते उत्तर गेल्या हिवाळ्यात मिळाले. तालुक्यातल्या एका गावी, ऊसतोडीला गेलेल्या पालकांच्या मुलांसाठी चालवल्या जाणाऱ्या हंगामी वसतिगृहात तो संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेतो. आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती, चुलीवर मोठ्या पातेल्यात आमटी उकळत होती, आणि पंधरा-वीस मुले सतरंजीवर गोल करून बसली होती. मधे ती वही. कोरी पाने आता कोरी नव्हती. मुलांनी पेन्सिलीने त्यांवर आपापले चिंटू काढले होते. एकाच्या चिंटूच्या हातात कोयता होता. एकीने बैलगाडी काढली होती, तिच्यात मिनी बसलेली. छापील पट्ट्या मुले आळीपाळीने मोठ्याने वाचत होती. एक जण चिंटू, एक जण आई, एक जण जोशीकाकू. दर पट्टीला चिंटू बदले.

सात-आठ वर्षांची एक मुलगी उठली, फ्रॉक सावरला आणि बोट अक्षरांवरून फिरवत तिने चिंटूचे वाक्य वाचले. छापलेले होते, 'आई, मला आज शाळेत नाही जायचं.' तिने वाचले, "आये, मला न्हाई जायाचं आज साळंला."

जोशीकाकू झालेल्या मुलाने तिला थांबवले, "असं न्हाई लिव्हलेलं तिथं."

"मग काय झालं," ती म्हणाली, "आज चिंटू मी हाय." आणि पुढची चौकट वाचू लागली.